अस्सल जातीची, की नुसती तशी दिसणारी? कोंबड्या आणि उबवणीची अंडी घेण्याआधी काय तपासायचं

पहिल्यांदा मी कडकनाथ म्हणून दहा पिल्लं घेतली, तेव्हा ती तीन आठवड्यांची होती. सगळी काळी, सगळी चपळ. विकणाऱ्याने त्यांचा बापही दाखवला. चित्रातल्यासारखा कोंबडा, जीभसुद्धा काळी. आणखी काय बघायचं, असं म्हणून मी पिल्लं घेऊन आलो. पाच महिने झाले, माद्या काळ्याच राहिल्या, पण नर उजळत गेले. पायाच्या नळ्या राखाडी-पांढुरक्या, चेहरा लाल, चोच उघडली की आत गुलाबी. फोन केला तर उत्तर तयार होतं: "नर तसे निघतात कधीकधी. माद्या एकदम अस्सल आहेत, बिनधास्त ठेवा."

माद्याही अस्सल नव्हत्या. त्या काळ्या का आणि त्यांचे सख्खे भाऊ गोरे का, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ते तिसऱ्या पायरीत सांगतो, कारण या लेखातलं सगळ्यात कामाचं तेच आहे.

आधी एक गोष्ट. तुम्हाला फक्त अंडी हवी असतील, किंवा अंगणात चार कोंबड्या फिरताना बघायला आवडत असेल, तर शुद्धतेच्या मागे लागू नका. धडधाकट क्रॉस कोंबडी त्या कामाला उत्तम. पुढचं सगळं, ज्यांना जात पुढे चालवायची आहे किंवा जातीच्या नावापायी जास्त पैसे मोजायचे आहेत, त्यांच्यासाठी.

सोबत काय ठेवायचं

- त्या जातीचं लेखी वर्णन, कागदावर छापलेलं. मोबाइलमधला फोटो म्हणजे वर्णन नव्हे.
- लहान वजनकाटा. पक्ष्यासाठी पिशवीसकट टांगता येणारा, अंड्यांसाठी ग्रॅममध्ये मोजणारा.
- लहान बॅटरी. तोंडात बघायला आणि अंडं उजेडात धरायला.
- वही-पेन. नर, मादी, पिल्लं, अंडी यांची वेगवेगळी नोंद.
- पायात घालायच्या रंगीत कड्या. घरी आणल्यावर लागतील.
- बूट बदलायची सोय. दुसऱ्याच्या खुराड्यातून रोग घरी आणण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग असतो.

१. आधी ठरवा: तुम्हाला जात हवी आहे की ब्रँड?

जात म्हणजे काय, तर नर-मादी त्याच जातीचे घेतले की पिल्लं पिढ्यानपिढ्या आईबापासारखीच निघतात. बस. "शुद्ध रक्त" वगैरे बोलण्यात ठीक आहे, पण आजच्या बहुतेक प्रसिद्ध जाती माणसांनी संकरातूनच बनवल्या. ऑर्पिंग्टन घ्या. विल्यम कुक यांनी इंग्लंडमध्ये मिनोर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक एकत्र करून १८८६ मध्ये ती पुढे आणली. पण त्यानंतर इतक्या पिढ्या निवड झाली की आज ऑर्पिंग्टनच्या जोडीतून ऑर्पिंग्टनच निघते.

याच्या उलट व्यापारी संकर. इसा ब्राउन, लोहमन ब्राउन, हाय-लाइन ब्राउन ही कंपन्यांच्या संकराची नावं, जाती नव्हेत. अंडी भरपूर देतात यात वाद नाही, पण त्यांची अंडी उबवली तर पिल्लं एकसारखी निघत नाहीत. आणि इथेच पहिला सापळा आहे: याच तांबूस कोंबड्या "ऱ्होड आयलंड रेड" म्हणून सर्रास विकल्या जातात. फरक कळायला पाठीची पिसं बोटाने बाजूला सारा, किंवा सरळ फुंकर मारा. चांगल्या ऱ्होड आयलंड रेडचं पीस बुडापर्यंत तांबडं असतं, अंग लांबट विटेसारखं, रंग गडद, शेपटी काळी आणि तिच्यावर हिरवट चमक. संकरित ब्राउन कोंबडी फिकट आलेपाकाच्या रंगाची, पिसाच्या बुडाशी पांढरी, शेपटीतही बहुतेक वेळा पांढरं पीस.

दुसरी खूण विकणाऱ्याच्या बोलण्यातच सापडते. "पिल्लाच्या रंगावरून पहिल्याच दिवशी नर-मादी सांगतो, पिवळट-पांढरी ती नर, तांबूस त्या माद्या," असं कुणी ऱ्होड आयलंड रेडबद्दल म्हणालं, तर ती शुद्ध नाहीत. सोनेरी वर्णाचा कोंबडा आणि रुपेरी वर्णाची कोंबडी यांच्या संकरातच तसं होतं. काही जातींमध्ये मात्र शुद्ध असूनही रंगावरून नर-मादी कळतात, क्रीम लेगबार ही त्यातली एक. तेव्हा जात कुठली आहे ते बघून बोला.

२. लेखी वर्णन घ्या आणि त्यातले सात मुद्दे काढा

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने जातींचं पहिलं प्रमाण-पुस्तक १८७४ मध्ये छापलं, ब्रिटिशांची स्वतःची प्रमाणं आहेत, भारतीय जातींची नोंद आणि वर्णनं कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवते. तुमच्या जातीला जे लागू असेल ते मिळवा. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढंच वहीत उतरवा:

- तुरा कुठल्या प्रकारचा
- कानाखालच्या चकतीचा रंग
- कातडीचा आणि पायाच्या नळीचा रंग
- पायावर पिसं आहेत की नाहीत, आणि असतील तर कुठल्या बोटापर्यंत
- बोटं चार की पाच
- पूर्ण वाढीचं वजन, नराचं आणि मादीचं वेगळं
- अंड्याचा रंग

पिसांचा रंग मुद्दाम यादीत घेतला नाही. नवखा माणूस आधी रंग बघतो आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं. क्रॉसमध्ये रंग जुळवून आणणं फार अवघड नाही. सातच्या सात मुद्दे एकाच पक्ष्यात जुळवणं अवघड.

३. दांडगे गुण आणि दबके गुण (इथे घाई करू नका)

पिल्लाला बहुतेक गुणांचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. काही गुण दांडगे असतात: एकच वाटा मिळाला तरी अंगावर दिसतात. काही दबके: दोन्हीकडून मिळाल्याशिवाय दिसत नाहीत, पण दडून पुढे जात राहतात.

आता गंमत बघा. ज्या ज्या गोष्टींमुळे एखादी जात "वेगळी" दिसते, त्यातल्या बहुतेक दांडग्या आहेत. गुलाबतुरा (चपटा, दाणेदार तुरा), वाटाणातुरा (लहान, तीन ओळींचा तुरा), डोक्यावरचा पिसांचा झुपका, दाढी आणि गालमिशा, पाचवं बोट, पायावरची पिसं, काळी कातडी, निळं अंडं, उघडी मान. म्हणजे निम्मं रक्त असलेल्या पक्ष्यातही त्या दिसणारच (काळ्या कातडीचा एक अपवाद पुढे येतोच). ब्रह्माचा वाटाणातुरा आणि पायावरची पिसं तिच्या क्रॉस पिल्लांतही येतात, फक्त पिसं विरळ होतात. असीलचा वाटाणातुराही तसाच: तुरा बघून असील घेणाऱ्यांना क्रॉस असीलच जास्त मिळतात.

दबके गुण याच्या उलट. साधा एकेरी तुरा, पिवळी कातडी, सिल्कीची केसाळ पिसं. सिल्की आणि साधी कोंबडी यांच्या पहिल्या क्रॉसला कधीच केसाळ पिसं येत नाहीत. पण झुपका आणि पाचवं बोट येतं, आणि बाप सिल्की असेल तर मुलींना काळी कातडीही. म्हणून साध्या पिसांची, काळ्या कातडीची, पाच बोटांची कोंबडी "दुर्मीळ जात" म्हणून दाखवली गेली तर ती बहुतेक सिल्कीची क्रॉस लेक असते.

काही वेळा अर्धवटपणा दिसतोसुद्धा, बघणाऱ्याची नजर हवी. उघड्या मानेच्या जातीत दोन्ही वाटे मिळालेल्या पक्ष्याची मान जवळजवळ पूर्ण बोडकी असते. एकच वाटा असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक गुच्छ राहतो, लहान मुलाला बांधलेल्या लाळेऱ्यासारखा. तो गुच्छ दिसला की समजा, या पक्ष्याची निम्मी पिल्लं झाकलेल्या मानेची निघू शकतात.

आता माझ्या कडकनाथांची गोष्ट. कातडी काळी करणारा गुण दांडगा आहे. पण उजळ पायांच्या कोंबड्यांमध्ये कातडीतला काळेपणा दडपून टाकणारा आणखी एक दांडगा गुण असतो, आणि तो लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसतो. कोंबड्यांमध्ये नराकडे झेडच्या दोन प्रती असतात, मादीकडे एकच, आणि ती एकुलती प्रत तिला बापाकडून मिळते. आता कडकनाथ कोंबडा उजळ पायांच्या साध्या कोंबड्यांवर सोडा. मुलींना झेड बापाचा, म्हणजे दडपणारा गुण मिळतच नाही: मुली जवळजवळ बापाइतक्याच काळ्या. मुलांना एक झेड आईचा, दडपणाऱ्या गुणासकट: मुलं उजळ. बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्नच्या संकरांवरून नेमकं हेच लिहून ठेवलं होतं. मला ते स्वतःच्या खुराड्यात बघावं लागलं.

म्हणून कुठलीही काळ्या कातडीची जात घेताना, मग ती कडकनाथ असो, आयाम चेमानी असो वा सिल्की, एकट्या काळ्या मादीवर विश्वास ठेवू नका. तिचे भाऊ दाखवायला सांगा. भाऊ गोरे असतील तर आई साधी होती. आणि "भाऊ कधीच विकले गेले" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

४. एकटा पक्षी बघू नका, खानदान बघा

वरच्या सगळ्याचा अर्थ एवढाच की पक्षी स्वतःबद्दल निम्मंच सांगतो, उरलेलं त्याचे आईबाप, भावंडं आणि पिल्लं सांगतात. जात सांभाळणाऱ्याकडे गेलात तर तो तुम्हाला आधी पूर्ण कळपच दाखवेल. फक्त विकायचे पक्षी पिंजऱ्यात आणून समोर ठेवणाऱ्याला हे प्रश्न विचारा:

- या पक्ष्यांची आई कुठली? बाप सगळेच दाखवतात, कारण एक चांगला कोंबडा मिळवणं सोपं असतं. दहा चांगल्या माद्या मिळवणं अवघड.
- पैदाशीचे पक्षी वेगळे कोंडलेले आहेत की सगळ्या जाती एकाच आवारात फिरतात?
- किती पिढ्या तुमच्याकडे आहेत? मूळ पक्षी कुठून आणले?
- वेगळी, न जुळणारी पिल्लं किती निघतात, आणि त्यांचं काय करता?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "आमच्याकडे एकही वेगळं निघत नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा, "अधूनमधून एकेरी तुऱ्याचं निघतं, ते मी पैदाशीतून काढतो" म्हणणारा मला जास्त खरा वाटतो. का, ते सहाव्या पायरीत.

फोटोंबद्दल थोडक्यात: मागवलेला फोटो नको, चालू व्हिडिओ मागा, त्यात कळपासोबत हाताने लिहिलेली आजची तारीख दिसू दे. एकच देखणा कोंबडा पाच-सहा विक्रेत्यांच्या जाहिरातीत मी पाहिलाय.

५. पक्षी हातात घ्या

लांबून बघून घेऊ नका. पक्षी हातात धरला की डोक्यापासून खाली या.

तोंड: चोच हळूच उघडा. काळ्या कातडीच्या जातीत जीभ आणि टाळू गडद हवेत. तुऱ्यावर जांभळट-लालसर झाक असली तर लगेच नाकारू नका. "काळं रक्त" ही दंतकथा आहे, रक्त लालच असतं, आणि ते तुऱ्यातून डोकावतं.

कानाची चकती: लेगहॉर्नची पांढरी, सिल्कीची निळसर-हिरवी झाक असलेली. "पांढरी चकती तर पांढरी अंडी, लाल चकती तर तपकिरी" हा नियम पुष्कळदा जुळतो, पण त्याला अपवाद आहेत. डॉर्किंगची चकती लाल आणि अंडी पांढुरकी. त्यामुळे या नियमावर निकाल देऊ नका.

कातडी: पंखाखालची पिसं सारून बघा, तिथे ऊन लागत नाही. पिवळी कातडी दबका गुण आहे, हे ध्यानात ठेवा. ब्रह्मा, कोचीन, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड या पिवळ्या कातडीच्या जाती, ऑर्पिंग्टन आणि ससेक्स पांढऱ्या. पिवळ्या कातडीच्या जातीत पांढरी कातडी दिसली तर बाहेरचं रक्त नक्की आलंय. मात्र अंड्यावर असलेल्या कोंबडीचा पिवळेपणा हळूहळू उतरतो, आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याची कड, मग चोच, शेवटी पाय. खूप अंडी दिलेल्या लेगहॉर्नचे पाय फिकट दिसले म्हणून ती क्रॉस ठरत नाही. तिच्या तरुण बहिणी, तलंगा बघा, त्यांचे पाय पिवळेधमक हवेत. (जाता जाता: पिवळ्या कातडीचा हा गुण तांबड्या रानकोंबड्याचा नाहीच, तो राखाडी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. शुद्धतेचा फार अभिमान बाळगणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

बोटं: मोजा. खरंच मोजा. डॉर्किंग, सिल्की, फाव्हरोल, हुदाँ, सुलतान यांना पाच बोटं. पाचवं बोट नीट वेगळं आणि वरच्या दिशेला वळलेलं हवं. चौथ्याला चिकटलेलं, अर्धवट असेल तर पैदाशीला नको.

वजन: इथे क्रॉस सापडतात. कडकनाथ नर साधारण १.८ ते २ किलो, मादी १.२ ते १.५ किलो. अडीच-तीन किलोचा "कडकनाथ" दाखवला तर तो खाण्यापिण्याने वाढला नाही, मांसाच्या जातीचं रक्त त्यात आहे. काळा रंग टिकवून वजन वाढवायला असे क्रॉस मुद्दाम केले जातात आणि वजन दाखवूनच विकले जातात.

वयाचं भान ठेवा. तीन-चार महिन्यांच्या पक्ष्याची पिसं अजून बदलायची असतात. रंगाच्या बारकाव्यांवर त्याआधी वाद घालू नका, विकणाऱ्याशीही आणि स्वतःशीही.

६. पिल्लं घेताना: जे वाईट दिसतं ते नेहमी वाईट नसतं

नवखे लोक इथे उलट्या बाजूने फसतात. चांगली पिल्लं क्रॉस समजून सोडतात. मी स्वतः एकदा काळ्या ऑस्ट्रालॉर्पची उत्तम पिल्लं नाकारली होती, पोट आणि पंखांची टोकं पिवळट-पांढरी होती म्हणून. काळ्या जातींची पिल्लं पुष्कळदा तशीच असतात, पुढे पूर्ण काळी होतात.

निळा रंग: निळ्या ऑर्पिंग्टनची जोडी लावली तर सरासरी निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव ठिपक्यांची, ज्यांना स्प्लॅश म्हणतात. हा निळ्या रंगाचा स्वभाव आहे, भेसळ नव्हे. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावतात.

वायंडॉटमधला एकेरी तुरा: जातीचा तुरा गुलाबतुरा. पण गुलाबतुऱ्याचे दोन्ही वाटे असलेल्या नरांची फलनक्षमता कमी असते. त्यामुळे एकच वाटा असलेले नर आपोआप जास्त पिल्लांचे बाप होतात आणि दबका एकेरी तुरा शुद्ध कळपातही टिकून राहतो. एखाददुसरं पिल्लू एकेरी निघालं तर घाबरू नका, फक्त त्याला पैदाशीत ठेवू नका.

आखूड पायांच्या जाती: जपानी बँटमसारख्या जातीत आखूड पायांचा गुण दोन्हीकडून मिळाला तर पिल्लू अंड्यातच मरतं. जगणारी दोन-तृतीयांश आखूड पायांची, एक-तृतीयांश लांब पायांची. लांब पायांची पिल्लं तिथे निघणारच. आरोकानाच्या कानांवरच्या पिसांच्या झुबक्यांचंही असंच, म्हणून त्या जातीत बिनझुबक्यांचे पक्षीही शुद्ध असू शकतात.

खरा धोका कुठे? एकेरी तुऱ्याच्या शुद्ध जातीत वाटाणातुरा किंवा गुलाबतुरा निघाला तर. दबक्या गुणाच्या जोडीतून दांडगा गुण उगवू शकत नाही, तो बाहेरूनच येतो. तसंच स्वच्छ पायांच्या जातीत पायावर पिसं, चार बोटांच्या जातीत पाचवं बोट. तुऱ्याचा प्रकार आणि बोटं पहिल्याच दिवशी दिसतात, त्यामुळे पिल्लं घेताना निदान या दोन गोष्टी प्रत्येक पिल्लात बघा. माझ्यासारखी पिसं बघून पाय उलटून न बघण्याची चूक करू नका.

७. उबवणीची अंडी घेताना

अंड्याचं कवच कोंबडी बनवते. कोंबड्याचा त्यात हात नसतो. म्हणजे कवच कितीही देखणं असो, ते फक्त आईबद्दल सांगतं. बाप शेजारचा कोणीही असू शकतो. एवढं कळलं तरी अंड्यांच्या निम्म्या जाहिराती निरर्थक वाटू लागतात.

काळी अंडी: नसतात. कडकनाथ किंवा आयाम चेमानीची अंडी मलईसारखी किंवा फिकट तपकिरी असतात. काळ्या कवचाचा फोटो दाखवून कोंबडीची अंडी विकणारा थेट फसवतोय.

निळी अंडी: निळा रंग कवचात आरपार असतो, तपकिरी रंग वरच्या थरावर. एक अंडं फोडा, आतली पातळ पापुद्री सोलून कवचाची आतली बाजू बघा. बाहेरून तपकिरी किंवा शेवाळी आणि आतून निळसर असेल तर निळ्या अंड्याच्या जातीचं रक्त त्यात आहे. शेवाळी-हिरवी अंडी म्हणजे निळा आणि तपकिरी यांचा मेळ. अशी कोंबडी पाळायला छान, पण तिला आमेरोकाना किंवा आरोकाना म्हणून घेऊ नका. या दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे: अमेरिकन प्रमाणानुसार आरोकानाला शेपटी नसते, आमेरोकानाला शेपटी आणि दाढी-गालमिशा असतात. (ब्रिटिश आरोकानाला मात्र शेपटी असते.)

मारान्सची गडद अंडी: हंगामाच्या सुरुवातीला रंग सर्वांत गडद, पुढे फिका होत जातो. विकणारे सुरुवातीचे फोटो वर्षभर वापरतात. गेल्या आठवड्यातली अंडी दाखवा म्हणा.

आता बापाचा प्रश्न. कोंबडी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, कोंबडा काढल्यावरही साधारण दोन-तीन आठवडे फलित अंडी देत राहते. म्हणून दुसऱ्या कोंबड्यासोबत फिरलेल्या माद्या कालच वेगळ्या कोंडल्या असतील तर त्यांची अंडी शुद्ध म्हणता येत नाहीत. "माद्या कधीपासून वेगळ्या आहेत?" हा प्रश्न विचाराच. मी चार आठवड्यांखालचं उत्तर मान्य करत नाही. "अंडी गोळा करताना तेवढं वेगळं करतो" असं उत्तर आलं तर प्रश्नच त्याला कळलेला नाही.

बाकी भराभर:

- पेटीतलं प्रत्येक अंडं वजन करा. एकाच कळपाच्या अंड्यांत थोडा फरक चालतो, पण रंग, आकार, वजन तिन्ही विखुरलेलं असेल तर ती गोळा करून आणलेली अंडी.
- एक-दोन जास्तीची अंडी मागून फोडून बघा. बलकावर नीट गोल कडं दिसलं तर फलित, नुसता वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर नाही.
- अंडी सात दिवसांच्या आतली हवीत, दहाच्या पुढची नकोत. प्रवासातून आलेली अंडी बोथट टोक वर ठेवून एक दिवस शांत राहू द्या, मग उबवायला लावा. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघा.
- पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. निघाल्याबरोबर तुरा, बोटं, कातडी, पायाची पिसं यांची नोंद करा आणि फोटो काढून ठेवा. कमी उबवण झाली तर त्याचा शुद्धतेशी संबंध जोडू नका, प्रवासातल्या अंड्यांत ती कमीच होते.

८. कागद, कड्या आणि तपासण्या

कुत्र्या-घोड्यांसारखी वैयक्तिक वंशावळ कोंबड्यांना सहसा नसते. त्यामुळे "शुद्धतेचं प्रमाणपत्र" समोर आलं तर ते कोणी दिलं आणि काय तपासून दिलं, ते विचारा. पायातली कडी वय किंवा मालक सांगते, जात नाही. रोगमुक्तीचा दाखलाही जातीबद्दल काही सांगत नाही, पण तो जरूर मागा: साल्मोनेला पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे रोगजंतू अंड्यातून पिल्लात येतात. जनुकीय तपासणीने निळ्या अंड्याच्या गुणाचे किती वाटे आहेत, पक्षी नर आहे की मादी, एवढं कळू शकतं. त्यावरून पक्षी अमुक जातीचा ठरत नाही.

खरा कागद म्हणजे पैदासकाराची वही. कुठल्या कोंबड्यावर कुठल्या माद्या, किती अंडी, किती पिल्लं, किती बाद. ती वही दाखवणारा माणूस सापडला तर थोडे पैसे जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या.

९. घरी आणल्यावर

नवे पक्षी महिनाभर जुन्यांपासून लांब ठेवा. कड्या घाला, वही सुरू करा.

शंका उरली असेल तर जोडी लावून बघा. समजा, वायंडॉट कोंबड्यात एकेरी तुरा दडलाय का हे बघायचंय. त्याला एकेरी तुऱ्याच्या कोणत्याही मादीवर सोडा. दडलेला असेल तर सरासरी निम्मी पिल्लं एकेरी निघतील. सात पिल्लं झाली आणि एकही एकेरी नाही, तर तो गुण असूनही लपून राहिल्याची शक्यता १२८ मध्ये एक. तुरा पहिल्याच दिवशी दिसतो, त्यामुळे निकाल तीन आठवड्यांत हातात. प्रत्येक दबक्या गुणासाठी हाच मार्ग.

क्रॉस माद्या असतील आणि शुद्ध कोंबडा मिळाला असेल, तर पुनःपुन्हा शुद्ध कोंबड्याकडे जाऊन जात परत उभी करता येते. दर पिढीला बाहेरचं रक्त निम्मं होतं: ५० टक्के शुद्ध, मग ७५, ८७.५, ९३.७५. कोंबडा मात्र दर वेळी नवा, नात्यातला नको.

मी माझ्या त्या काळ्या माद्यांबाबत हेच केलं. गोरे नर काढून टाकले, दुसऱ्या खात्रीच्या कळपातला कडकनाथ कोंबडा आणला. पहिल्याच खेपेला सगळी पिल्लं काळी निघाली, नरसुद्धा, जिभेपर्यंत. साहजिक होतं, काळेपणा दडपणारा गुण त्या माद्यांकडे नव्हताच, त्यामुळे पुढे जायला काही उरलंच नव्हतं. पिल्लं ७५ टक्के कडकनाथ, आणि वरून बघून कोणाच्याही बापाला ओळखता आलं नसतं. एकजण घ्यायला आला. क्रॉस आहेत, असं मी दोनदा सांगितलं. त्याने एका पिल्लाची चोच उघडून आत बॅटरी मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला विकायचीच नाहीत म्हणून मी खोटं बोलतोय.